आपसातली तूट

थिनरच्या कारखान्यातून मोहोरबंद निघालेला टँकर रंगाच्या कारखान्यात मोहोरबंदच पोहोचे, आणि तरीही दर खेपेला त्यात थिनर कमी भरे. हिवाळ्यात तूट मोठी असे, उन्हाळ्यात लहान.

दोन्ही कारखाने एकाच समूहाचे. थिनरचा तिचे वडील चालवीत, रंगाचा तिचा मामा. तिने पदवी पदार्थविज्ञानाची घेतली होती आणि पोटासाठी हिशेबाच्या परीक्षा दिल्या होत्या. समूहाचा एकत्रित ताळेबंद यंदा तिच्याकडे आला होता. अशा ताळेबंदात घरातल्या घरात झालेला व्यवहार उरत नाही. एकाची विक्री ती दुसऱ्याची खरेदी. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि खाली शून्य राहते. इथे शून्य राहत नव्हते.

"त्यात कोडं कसलं?" वडील चहा ढवळत म्हणाले. "मांजर डोळे मिटून दूध पितं. तुझा मामा डोळे उघडे ठेवून थिनर पितोय."

"पुरावा?"

"दोन वर्षांची तूट. ती त्याच्या नावावर येणं म्हणून दाखव. सोमवारी दुपारी संचालकांची बैठक आहे. भरून देईल, नाहीतर खुर्ची सोडेल."

आई दारात उभी होती. पुढे येऊन तिने वडिलांचा अर्धा भरलेला कप उचलला आणि आत नेला.

मामाने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "मापात पाप आहे ते, आणि कुणाचं ते तुला ठाऊक आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकांना तुझे बाबा काट्यावर तोलून देतात. मला मात्र मीटरवर, लिटरमध्ये. का?"

"तू कधी विचारलं नाहीस?"

"बहीण दिलीये त्या घरात," मामा म्हणाला. "विचारणार कसं?"

तिचा दोघांवरही विश्वास बसला नाही. माणसे खरे बोलतात की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येते, असा दावा करणाऱ्यांवर तर तिचा मुळीच नव्हता. मामा चोरत असेल, वडील कमी भरत असतील, ड्रायव्हर वाटेत हात मारत असेल: तिन्ही शक्यता तिने सारख्याच संशयाने तोलल्या आणि तिन्ही एकाच ठिकाणी अडकल्या. चोराला ऋतू कशाला लागतो?

शनिवारी ती टँकर भरताना जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहिले.

"ताई, पाळत माझ्यावर का?"

"सगळ्यांवर."

"मग हरकत नाही. एकट्यावर असती तर राग आला असता."

घरचा टँकर शनिवारीच का, हे तिने भरणाऱ्या फोरमनला विचारले. "घरचं गिऱ्हाईक शेवटी," तो म्हणाला. आठवडाभर साठ्याच्या टाकीतला माल बाहेरच्यांना जाई. शनिवारपर्यंत टाकी तळाला लागलेली असे, म्हणून मामाचा टँकर थेट भट्टीच्या नळीवरच भरत. तो मामाच्या आवारात संध्याकाळी पोहोचे, रविवार सुट्टीचा, म्हणून तिथेच उभा राही आणि सोमवारी सकाळी मामाच्या मीटरमधून रिकामा होई. "आणि काटा?" यावर फोरमन हसला. "घरच्या घरात कसला काटा? मोठे साहेब म्हणतात, भावाभावांत तराजू आला की भांडण आलं."

तिने टँकरच्या पोटावर तळहात टेकवला आणि लगेच उचलला नाही. तो उबदार होता, ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारखा.

मग तिने तीन गोष्टी केल्या. टँकर भरण्याआधी आणि भरल्यावर काट्यावर चढवायला लावला. वडील खिडकीतून ओरडले की डिझेल काय फुकट येते, तिकडे तिने लक्ष दिले नाही. झाकणांच्या मोहरांवर स्वतः सही केली. आणि कॉलेजातले जुने मोजपात्र त्याच नळीखाली हजारच्या रेघेपर्यंत भरून, बूच लावून, बुचावर मेण ओतले. ते पात्र मामाच्या आवारात टँकरशेजारी, पेटीत कुलूपबंद राहिले. किल्ली तिच्या गळ्यात होती. रविवारी घरी आई वडिलांशी बोलली नाही, आणि ते लक्षात आल्याचे वडिलांनी दाखवले नाही.

सोमवारी सकाळी आवारात हिवाळी गारठा होता. सह्या शाबूत होत्या. वडीलही आले होते. मेहुण्याला रंगेहाथ धरायची संधी त्यांना सोडवली नसावी. रस्त्यापलीकडच्या धर्मकाट्यावर टँकर आधी भरलेला आणि मग रिकामा तोलला. मामाच्या मीटरने शनिवारपेक्षा शंभराला सव्वादोन लिटर कमी दाखवले.

"बघ," वडील म्हणाले.

"बघ," त्याच क्षणी मामा म्हणाला.

तिने काट्याच्या दोन्ही दिवसांच्या पावत्या त्यांच्यापुढे धरल्या. टँकरमधल्या मालाचे वजन शनिवारी जेवढे होते तेवढेच आज होते. काट्याच्या मापनचुकीहून अधिक फरक नव्हता. मग पेटीचे कुलूप काढले. मेण अखंड होते. पात्रातली पातळी मात्र हजारच्या रेघेखाली, नऊशे पंचाहत्तरच्या आसपास उतरली होती.

वडिलांनी पात्र उजेडात धरून तीनदा फिरवले, तळ चाचपला, बूच ओढून पाहिले. "हे कुणी प्यायलं?"

"तुमचा मांजरवाला सिद्धांत इथे लावा," ती म्हणाली. "बुचातून आत जाईल एवढं बारीक मांजर शोधावं लागेल."

मामा हसला आणि लगेच गप्प झाला, कारण दोन वर्षे मनात धरलेला मापातल्या पापाचा आरोपही त्याच बुचात अडकला होता. "पात्रात तूट जास्त का?" त्याने हळू आवाजात विचारले.

"लहान आहे, पूर्ण थंड झालं. टँकर मोठा, तो थोडा कोमट राहिला. आणि उन्हाळ्यात आवारच गरम, म्हणून तूट कमी."

वडिलांनी पात्र खाली ठेवले. "मग बैठकीत काय सांगायचं?"

"येणं खोडलंय. खुर्ची जिथे आहे तिथे. आजपासून घरातही काटा."

"तराजू आला की..."

"बाबा, नव्हता म्हणून आलं."

दुपारी एकत्रित ताळेबंदासोबतच्या टिपांत तिने लिहिले: समूहातील विक्री व खरेदी यांतील फरक चोरीचा नाही. थिनर भट्टीवरून गरम असताना लिटरमध्ये मोजून दिले गेले आणि दोन रात्री थंड झाल्यावर लिटरमध्ये मोजून घेतले गेले. थंड होताना द्रव आकसतो. त्याचे वजन बदलत नाही.