पडद्यापलीकडचा बाजा

नागऱ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, त्या वर्षी तंबूतला सिनेमा आला आणि केशोरावांच्या लेकीच्या, शामकलेच्या कानात वारं शिरलं.

खरं तर यायचा होता देवादिकांचा सिनेमा. गावोगाव दवंडी तशीच पिटली होती. पण लढाईचे दिवस होते. गोऱ्या पलटणींसाठी इंग्रजी सिनेमांच्या पेट्या रेल्वेनं इकडून तिकडं जायच्या, आणि तंबूवाल्याचा माणूस गोंदियाच्या स्टेशनावरून त्यातलीच एक उचलून घेऊन आला. उघडली तर आत देव नाही, दानव नाही, नुसते साहेब आणि मडमा. तंबूवाला पक्का व्यापारी. "अपनी पेटी आने तक यही भगवान," म्हणाला आणि यंत्र सुरू केलं.

तंबू उभा होता केशोरावांच्याच, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत. त्यामुळे घरच्यांना तिकीट नव्हतं. तंबूची रीत अशी, की मधोमध पांढरा पडदा, त्याच्या पुढं पुरुष आणि मागं बाया. पडदा पाणी मारून ओला ठेवत, म्हणजे चित्र पलीकडंही उमटे. बायांचं दार मोहाच्या झाडाकडून, पुरुषांचं पार दुसऱ्या अंगाला. आपण चित्राच्या पाठीशी बसलोय, हे बायांच्या गावीही नव्हतं. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं उलटी दिसत होती म्हणा, पण सुलटी तरी कुणाला वाचता येत होती?

पहिल्याच संध्याकाळी अर्धा तंबू शिव्या देत उठला. शामकला मात्र खिळून बसली.

गोष्ट तिला कळली नाही. एक साहेब एका मडमेवर रुसतो, मग दोघं आगगाडीत बसतात, इतकंच. पण मध्येच एक मोठा दिवाणखाना उघडे. पायऱ्यापायऱ्यांवर पांढऱ्या कोटांतले वाजवणारे बसलेले. पुढच्या रांगेत वाकड्या तोंडाच्या पितळी पुंग्या, मागं तुताऱ्या, त्यांच्याही मागं लांब नळ्या पुढंमागं सरकवणारे. एक जण माणसाएवढी सारंगी उभी धरून बोटांनी छेडतोय. आणि कोपऱ्यात ढोलवाला, चार-पाच ढोल आणि झांजा भोवती मांडून, एकटाच हसत बसलेला. एक रांग उठून वाजवे आणि बसे, की दुसरी उठे. जणू शेतात वारा एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातोय.

आपल्या डफड्याचा ठोका पाय जमिनीवर पडतो तिथं असतो. यांचा ठोका पाय उचलतो तिथं पडे. बसल्याबसल्या शामकलेला वाटे, आपण जरासे अधांतरी झालोय. डोळ्यांत उगाच पाणी येई. आपल्याला काय होतंय ते तिला सांगता येत नव्हतं, पण हे संपू नये, एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं.

बदली पेटी येईपर्यंत ती रोज गेली. शेजारी तिची काकू, सुमित्राबाई, घोरत असे.

"काऊन वो, पुन्हा तोच सिनेमा?" काकू विचारी.

"काकू, तो बाजा आयकून तर पाय. त्या रांगा कशा उठतेत!"

"उठतेत आन् बसतेत. आमीबी दिवसभर तेच करून राहिलो. लगन जमलं आहे तुहं, अशी डुलत राहशील सासरी तर नवरा वापस आनून टाकंन."

तेच तर दुखणं होतं. एकोणीस सरलेल्या शामकलेची सोयरीक जंगलातल्या चिचगडच्या बकारामशी ठरली होती. मुलगा तिनं पाहिला नव्हता. जमीन बरी, माणसं सरळ, बोलणं कमी, एवढंच घरात बोललं गेलं. बोलणं कमी! शामकलेला धडकी भरली. काम तिला कुठंही चुकणार नव्हतं, त्याची भीती नव्हती. भीती ही, की पोटात एवढा बाजा घेऊन आपण त्या जंगलात जाणार आणि तो ज्याला सांगावा असं एकही माणूस मिळणार नाही. मैत्रिणींना सांगून पाहिलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. न सांगितलेली गोष्ट हळूहळू आपल्यालाही खोटी वाटू लागते, हे तिला तेव्हाच कळायला लागलं होतं.

वैशाखात लग्न झालं. चिचगडला सासू देवकाबाई, बकाराम आणि ती, असं तिघांचं घर. बकाराम खरंच कमी बोलणारा निघाला. वाईट मुळीच नव्हता. तिच्यासाठी बाजारातून चिवडा आणी, विहिरीवरची जड घागर न बोलता उचलून ठेवी. पण रात्री जेवण झालं की आकाशाकडं बघत बसे, आणि शामकला त्याच्याकडं बघत बसे. विचारायचं होतं, पण काय विचारणार? 'तुमच्या पोटात काही वाजतं का' असं कोणती नवी नवरी विचारते?

तेंदूपत्त्याचे, बिडीच्या पानांचे दिवस होते. पहाटे जंगलातून पानं तोडून आणायची आणि दुपारी अंगणातल्या मांडवाखाली बसून पुडे बांधायचे. असंच एकदा बकाराम पुडे बांधून थकला, आणि टिनाच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठोका धरला.

शामकलेच्या हातातली पानं तशीच राहिली. ठोका पाय उचलण्याच्या जागी पडत होता.

"हे तुमाले कुठून आलं?"

"काय?"

"हेच. डब्यावरचं."

बकाराम ओशाळला. "कायी नाई. पळसाची लाख विकाले गोंदियाले गेलो होतो दिवारीनंतर. तुमच्याच नागऱ्याच्या मंडईत सिनेमा पायलो एक. गोऱ्याइचा बाजा होता त्यात. डोक्यातून जाऊनच नाई राहिला."

शामकलेला रडू आलं आणि हसूही आलं. "मीबी पायली!" ती जवळजवळ ओरडलीच. मग दोघं असे काही बोलू लागले, की वर्षभराचं बोलणं त्या दुपारी उधळलं गेलं असावं. त्या उठणाऱ्या रांगा! ती उभी सारंगी! आणि तो साहेब कायले रुसला होता गा? कोनाले मालूम!

"आन् तो ढोलवाला," बकाराम म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात बसून कसा हासे!"

"उजव्या," शामकला म्हणाली.

"डाव्या."

"मी रोज पायली. उजव्या कोपऱ्यात होता. आन् ते नळीवाले डाव्या हातानं नळी सरकवत."

"उजव्या हातानं!" बकाराम पान खाली ठेवून म्हणाला. मग थंडपणे: "तू पायली नाईस. कोनाचं आयकून सांगून राहिली."

शामकलेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमीच नाई पायले. काकूनं तुमाले सांगतलं असंन माह्याबद्दल, म्हून मस्करी करून राहिले."

झालं. मघाशी उघडलेली तोंडं पुन्हा मिटली. आणि या वेळचं मिटणं कडू होतं. सापडलेलं माणूस खोटं निघालं, असं तिला वाटलं, आणि त्यालाही नेमकं तसंच वाटलं. ती भाकरी वाढे ती न बोलता, तो खाई तो न बोलता. बकाराम डबा माळ्यावर फेकून मोकळा झाला.

देवकाबाईनं काही दिवस पाहिलं, मग तिचं डोकं फिरलं. "लोकाइच्या घरी भाजीत मीठ नाई म्हून भांडन होते. तुमचं कायचं चालून राहिलं?"

शामकलेनं रडत सगळं सांगितलं. सासूला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. "मेला तो ढोलवाला," म्हणाली. "बकाऱ्या, इकडं ये. कोन कुठं बसला होता ते दाखवा दोघंबी. खोटं कोन ते आत्ता पायतो मी."

बकारामनं काडी घेऊन अंगणातल्या धुळीत रेघ ओढली आणि अलीकडं एक ठिपका काढला. "हा परदा. इथं मी. माह्या मांगं यंत्र, कानाशी घरघर करे. उजेड माह्या डोक्यावरून जाऊन परद्यावर पडे."

"डोक्यावरून?" शामकलेनं डोळे पुसले. "उजेड तर समोरून येत होता. परद्यातून. माह्या मांगं तर यंत्र नव्हतंच. मव्हाचं झाड होतं."

"मव्हाचं झाड कुठं होतं तिथं?"

तिनं त्याच्या हातातली काडी घेतली आणि रेघेच्या पलीकडं झाड काढलं. झाडाखाली एक ठिपका काढला. काढता काढताच तिचा हात थांबला. रेघेच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला ती. तोंडं एकमेकांकडं. त्याचा डावा तो तिचा उजवा. तिनं त्याच्याकडं पाहिलं, तर तोही त्या दोन ठिपक्यांकडंच बघत होता.

"म्हनजे," बकाराम हळूच म्हणाला, "माह्या डोक्यावरून जाऊन तो उजेड..."

"माह्या डोऱ्यात येत होता," शामकला म्हणाली.

"दोघंबी खरे, मंग कायले डोकं खाऊन राहिले," असं म्हणून देवकाबाई बकरीला पाणी दाखवायला निघून गेली.

दोघं धुळीतल्या रेघेशीच बसले होते. शामकलेला वाटत होतं, आता हा उठेल, पानं आवरेल, आणि आहे तसंच पुढं चालू राहील. बकाराम उठला नाही. नखानं माती उकरत, लाजत म्हणाला, "मी पुरा नाई पायलो तो सिनेमा. सारे लोक उठले, सोबतीचे ओढून घेऊन गेले. तू तर रोज पायलीस. ते दोघं गाडीत बसले, मंग पुढं काय झालं?"

पुढं काय झालं, असं तिला आजवर कुणी म्हणजे कुणीच विचारलं नव्हतं. शामकलेनं तेंदूची पानं बाजूला सारली, पाय दुमडून नीट बसली आणि सांगायला लागली.