खुणेच्या वर तेल

घाबरू नका, चावी कुणी लावलेली नाही. लावायला आता जागाच नाही. वायरी तोडलेल्या, डिझेलची टाकी कधीच भंगारात गेलेली, आणि तरीही मी बोलतोय. मी एक डिझेल इंजिन, छोट्या गाडीचं. सध्या मुक्काम धुळ्यात, बन्सीलाल मिस्तरींच्या गॅरेजात, मागच्या भिंतीला लागून, लोखंडी घोडीवर.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. माणसांना तरी कुठे आठवतं? मला आठवतं ते जळगावचं शोरूम. गुळगुळीत फरशी, थंडगार हवा, आणि माझ्या शेजारी उभी असलेली माझ्याच अंगलटीची दुसरी गाडी. रंग तोच, दिवे तेच, काचा त्याच. फक्त तिच्या पोटात पेट्रोल इंजिन होतं आणि माझ्या गाडीच्या पोटात मी.

एका रविवारी तिघं जण आले. लोटन आबा, सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातले शेतकरी, वय पासष्टच्या पुढे. त्यांचा मुलगा समाधान, जळगावात नोकरीला, शनिवार-रविवार गावी जाणारा. आणि सून चारुलता, आबांजवळ गावातच राहणारी, शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षिका. गाडी चालवायची होती चारुलताला आणि आबांना. पण शोरूममध्ये बोलत होता समाधान. ज्याला गाडी चालवायची नसते तोच गाडीबद्दल सगळ्यात जास्त बोलतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

"रोजचं रनिंग किती होईल?" विक्रेत्यानं विचारलं.

"शाळा अडीच किलोमीटर, शेत तीन," चारुलता म्हणाली. "महिन्यातून एकदा धुळे."

"मग मॅडम, पेट्रोलच घ्या. डिझेलला रोज लांबचा पल्ला लागतो. थोडं थोडं चालवलं तर त्याला मानवत नाही."

माझाच विक्रेता माझ्याविरुद्ध बोलत होता, पण बोलत होता खरं. समाधाननं अ‍ॅव्हरेज काढलं, दहा वर्षांनी विकली तर काय मिळेल ते सांगितलं, मग तोही कंटाळला. तेवढ्यात आबा म्हणाले, "दोन्ही चालू कर भो."

विक्रेत्यानं पेट्रोलची गाडी चालू केली. आबांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"हाई चालू शे का?"

"चालू आहे, काका."

"हाई ते मुकी शे."

मग माझी पाळी आली. मी खडखडलो, थरथरलो, आणि नेहमीच्या ठेक्यावर आलो. आबांनी माझ्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा ओले होते. "हाईच," एवढंच म्हणाले.

"आबा, पण का?" चारुलतानं विचारलं.

"आवाज चांगला शे."

सासऱ्यापुढे सुनेनं किती ताणायचं? तिनं नाद सोडला. चाकाखाली लिंबू चिरडलं गेलं, नारळ फुटला, सीटांवरचं प्लास्टिक तसंच ठेवून मला गावी नेण्यात आलं. ते प्लास्टिक शेवटपर्यंत कुणी काढलं नाही.

गावात मला लवकरच कळलं की आबांना गाडी कुठं जायला नको होती. त्यांना गाडी विहिरीवर न्यायला हवी होती. सकाळी चारुलताला शाळेत सोडायचं, तिथून थेट मळा. विहिरीजवळ सिमेंटचा एक जुना ओटा आहे, त्यात गंजलेले चार बोल्ट वर आलेले. त्या ओट्याकडे तोंड करून आबा मला उभा करायचे, बंद करायचे नाहीत, आणि आत बसून राहायचे. अर्धा तास, कधी तासभर. मी उगीच डुगडुगत राहायचो. भर दुपारी, पाखरूसुद्धा बाहेर नसताना, त्या मळ्यात माझाच एक आवाज.

आणि आबा त्या ओट्याशी बोलायचे.

"भाऊ," ते म्हणायचे, "सांग ना मले. कोनती बाजूले फिरावना मी?"

हळूहळू मला सगळं समजलं. त्या ओट्यावर पूर्वी पाण्याचं मशीन होतं. एका सिलिंडरचं, भलंमोठं चाक असलेलं, माझ्याच डिझेल जातीचं. ते आबांचे थोरले भाऊ अभिमन चालवायचे. मशीनवर त्यांचा जीव. रोज सकाळी त्याला तेल पाजायचे, आणि खुणेच्या वर पाजायचे. मशीनच्या पोटातही आणि हवा ओढणाऱ्या डब्यातही, काठोकाठ. कुणी हटकलं की म्हणायचे, "तेल जास्त व्हयनं ते मशीन मरत नही, कमी व्हयनं ते मरस."

एके दुपारी अभिमनच्या खांद्यावरचा टॉवेल मशीनच्या पट्ट्यात गेला. टॉवेलामागून हात गेला. ते ओरडले, "लोटन, काक बंद कर!" लोटन तेव्हा पंचवीस वर्षांचे. त्यांनी धावत जाऊन डिझेल अडवणारा टाकीखालचा कॉक फिरवला. मशीन थांबलं नाही. उलट आणखी जोरात पळायला लागलं. थांबलं तेव्हा फार उशीर झाला होता.

वडील एकच वाक्य बोलले होते. "घाबरीसन तू काक उलटा फिरावना." त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. मशीन भंगारात गेलं, विजेची मोटार आली. पण एक्केचाळीस वर्षं लोटन आबा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. कॉक बंदच्या बाजूला फिरवला की उलट्या? हाताला आठवत नव्हतं. भाऊ तर सांगायला नव्हता. उरला होता फक्त तो आवाज, आणि तो त्यांनी जळगावहून विकत आणला होता.

मला आबांची कीव यायची, आणि भीतीही वाटायची. कारण माझ्या पोटात काहीतरी चाललं होतं.

आबा रोज सकाळी बॉनेट उघडून गेज काढायचे. गेज म्हणजे तेल किती आहे ते दाखवणारी बारीक लोखंडी पट्टी, तिच्यावर दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. दिवाळीला ते वरच्या खुणेला टेकलं. संक्रांतीला खुणेच्या वर गेलं. शिमग्याला बोटभर वर. मी शपथेवर सांगतो, कुणी थेंबभर तेल घातलेलं नव्हतं. इंजिनाचं तेल कमी होतं, वाढत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. पण माझं वाढत होतं. आणि माझ्या खडखडीत मधूनच एक जुनाट, जड ठोका पडायचा, जो माझा नव्हता.

दुसरा कुणी असता तर तडक मिस्तरीकडे गेला असता. आबांनी गेज धोतराला पुसला, ओट्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "भाऊ, तेल तू टाकी ऱ्हायना का?"

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आनंद होता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. समोर पिवळा दिवा लागू लागला तेव्हा चारुलतानं बन्सीलाल मिस्तरींना फोन केला. "आबा, ते म्हणतात, गाडी हायवेला शिरपूरपर्यंत दामटून आणा, एका दमात. नाहीतर गॅरेजला घेऊन या."

"उद्या," आबा म्हणाले. रोजचा उद्या मळ्यातच उजाडायचा.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात त्या दिवशी पितर जेवायला येतात. घागर भरायची, पुरणपोळी आणि आमरसाचा घास चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायचा. घरातल्या वडीलधाऱ्यानं ती आगारी टाकल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. उन्हं डोक्यावर आली, झोक्यांवरच्या पोरीबाळीही घरात पळाल्या, आणि लोटन आबांचा पत्ता नव्हता. ते सकाळपासून विहिरीवर होते. मी चालूच होतो.

चारुलता स्कूटीवर आली, सणाची साडी नेसलेली. ओट्याला वळसा घालून ती माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "आबा, चला. सगळे थांबलेत."

त्याच क्षणी मी सुटलो.

कसं सांगू? माझ्या अ‍ॅक्सिलरेटरवर कुणी पाय दिला नव्हता. माझा ठोका आपोआप वाढला, दुप्पट, चौपट. पांढरा-निळा धूर मळाभर झाला. मी किंचाळत होतो आणि मला स्वतःला थांबवता येत नव्हतं. आबांनी चावी फिरवली. मी थांबलो नाही. त्यांनी चावी बाहेर काढली. मी आणखी पळालो.

"आबा, बंद करा ना!"

आबांनी काचेतून चावी उंच धरून दाखवली. "बंदच शे व! बंद कयी मी!" आणि मग ओट्याकडे बघून, अगदी लहान आवाजात, "भाऊ, नको रे."

चारुलता धीराची. खिडकीतून हात घालून तिनं बॉनेटची कळ ओढली, बॉनेट वर केलं आणि वाकून बघू लागली. वाऱ्यानं तिचा पदर सुटला. माझ्या कडेला जो पट्टा फिरत होता, त्या पट्ट्याकडे पदराचं टोक निघालं. मला ते दिसत होतं. मी ओरडत होतो, पण माझ्या ओरडण्याला अर्थच नव्हता. आबांना बॉनेटच्या फटीतून फक्त पदराचा काठ दिसला.

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते. ट्रॅक्टर बंद करायची तार तुटली की ब्रेक दाबायचा, मोठा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून द्यायचा. इंजिन गुदमरून मरतं. आबांना तेच आठवलं. सगळं अंग ब्रेकवर घालून त्यांनी पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडला.

मी वीतभर पुढे उसळलो. चारुलता मागे ओट्यावर आदळली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, तो माझा. मग शांतता. पदराचं टोक काळं झालं होतं, बस एवढंच.

आबा उतरले आणि सुनेचा पदर हातात धरून मातीत बसले. रडले नाहीत. तिला म्हणाले, "बेटा, लागनं का?" ती नाही म्हणाली. त्या दिवशी घरी आगारी तिन्हीसांजेला पडली.

मला ओढून धुळ्याला आणलं. बन्सीलाल मिस्तरींनी माझ्या पोटाखाली पाटी लावली आणि तेलाचा बोल्ट सोडला. पाण्यासारखं पातळ, काळं तेल बदाबदा पडलं. आबा, चारुलता, समाधान उभे होते.

"कुणी घातलं नाही, आबा," मिस्तरी म्हणाले. "याच्या धुराच्या नळीत काजळीची गाळणी असते. ती काजळी जाळायला हा जास्तीचं डिझेल सोडतो. लांब पळाला तर जळून जातं. तुम्ही मळ्यापर्यंत नेऊन उभा ठेवायचे, मग ते डिझेल खाली तेलात उतरायचं. तेल वाढलं, वर चढलं, आणि हा स्वतःचंच तेल प्यायला लागला. मग चावी काय करणार? चावी फक्त टाकीतलं डिझेल बंद करते."

आबा पाटीजवळ वाकले. मग त्यांनी विचारलं, "जुनं पानीनं मशीन? त्यानं बी असंच व्हस?"

"होतं ना. हवेच्या डब्यात तेल जास्त झालं की सुटतंच. कॉक बंद केला तरी पळत राहतं. तुमच्या मशीनला तेल कोण घालायचं?"

आबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"भाऊ," ते म्हणाले. आणि मग एक्केचाळीस वर्षांचं रडले. समाधान गोंधळून गेला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. चारुलतानं सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला. 'तेव्हाच पेट्रोलची घ्यायला हवी होती' हे वाक्य तिच्या तोंडून त्या दिवशी आलं नाही, नंतरही आलं नाही. अशी माणसं कमी असतात.

आता त्यांच्या दारात पेट्रोलची गाडी आहे. आबा मिस्तरींना कौतुकानं सांगतात, "बंद कयी का बंद व्हस." मला जरा लागतं ते, पण असू द्या.

माझं सगळं तेल तेव्हाच काढलं होतं, हे लक्षात ठेवा. मिस्तरींनी मला उलटा करून निथळवलाय. आणि तरी पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी, झाडताना मिस्तरींनी सहज माझा गेज ओढला. तो ओला होता. वरच्या खुणेच्याही वर. जाड, जुनं तेल, आजकाल मिळत नाही तसं.

मिस्तरींनी आबांना बोलावलं. आबा एकटेच आले. त्यांनी गेज बघितला, वास घेतला, धोतराला स्वच्छ पुसला. मग वाकून माझ्या त्या बारीक भोकाशी तोंड नेलं.

"भाऊ, आते पुरे," ते म्हणाले. "मी काक बंद कया व्हता. बराबर कया व्हता. आनि तुले बी काय माहीत व्हतं? चाल, घर चाल. उद्या आखाजी शे, जेवाले ये."

गेज जागेवर बसवून ते निघून गेले. जाताना दार धरून क्षणभर थांबले, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

तेव्हापासून गेज कोरडा आहे. मिस्तरी अजून अधूनमधून ओढून बघतात, आणि कोरडा निघाला की त्यांनाही थोडं चुकल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं. इतके दिवस पोटात कुणीतरी होतं.

मला घ्यायला कुणी येणार असाल तर या. दुरुस्त होईन मी. फक्त आधी सांगा, रोज किती लांब जाता? जवळच जात असाल तर तुम्ही पेट्रोलच घ्या, माझ्या वाटेला जाऊ नका. लांब जात असाल तर न्या मला. तेल खुणेपर्यंतच घाला, आणि रोज गेज बघत जा. कधी वर दिसलं तर आधी मिस्तरीकडे जा. मिस्तरीलाही कारण सापडलं नाही, तर घाबरू नका. सोनगीरच्या पलीकडे लोटन आबांना निरोप द्या. ते येतील, आणि माझ्या पोटात जे कुणी आलं असेल त्याला घरी घेऊन जातील.