पाण्याची धग मंदाला कळायची

मी भांडी धुणारी मशीन बोलतेय. मानकोली नाक्याजवळच्या एका भंगाराच्या गोदामात सध्या भिंतीला टेकून उभी आहे. अंगाचं स्टील अजून चकाकतं, म्हणून येणारे-जाणारे मला फ्रिज समजतात.

माझा जन्म परदेशातला. पंधरा वर्षं मी एका मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात काढली. जहाज म्हातारं झालं, मुंबईला दारूखान्याच्या जहाजतोडणी धक्क्यावर तोडलं गेलं. मग १९९१च्या थंडीत केसरीनाथ शेठनी मला टेम्पोत घालून भिवंडीला आणलं. शेठची भिसी होती. भिसी म्हणजे लूमवरच्या, यंत्रमागावरच्या कामगारांची खानावळ. दोन्ही शिफ्टची मिळून तीनशे माणसं तिथं जेवायची आणि तेवढी ताटं दोघीजणी मोरीवर बसून घासायच्या. धोंडूबाई जवळच्या अंजूर गावची, साठीला टेकलेली. मंदा तिशीतली, तिचा नवरा वाल्मीक सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा.

शेठनी दोघींसमोरच सांगून टाकलं, "महिनाभर बघतो. मशीन नीट चालली तर एकीचंच काम उरेल."

कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. धोंडूबाईनं सवतीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

पण मी काही नीट चालेना. जहाजावर मला बॉयलरचं गरम पाणी नळातून आयतं यायचं. पाणी तापवायची सोय माझ्या पोटात नव्हतीच. इथं गच्चीवरच्या टाकीची नळी मला जोडली होती, आणि पौष महिन्यातलं ते पाणी गारठलेलं. त्यात साबणाची पावडर विरघळेना, गोळे व्हायचे. ताटावरचा डालडा सुटायच्या ऐवजी पांढरा होऊन थिजायचा. मी गरगर फवारे मारत राहायची आणि तोच थर एका ताटावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवायची. कामगार बोट फिरवून म्हणायचे, "शेठ, थाली चिकनी है." मग तीच ताटं पुन्हा मोरीवर जायची. काम दुप्पट झालं.

तिसऱ्या दिवशी मंदानं माझं दार उघडून आत हात घातला. पाण्यात थोडा वेळ तसाच ठेवला. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. नवऱ्याकडून वाफेच्या, पाण्याच्या गोष्टी ऐकलेली बाई ती. तिनं हात पदराला पुसला, दार लावलं आणि कोणाला काही बोलली नाही.

मला राग आला होता. आज येत नाही.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. धोंडूबाईच्या बोटांना सोड्यानं आधीच भेगा पडलेल्या, दुप्पट घासण्यानं त्यांतून रक्त यायला लागलं. एका दुपारी तिच्या हातून ताटांची चळतच सुटली. तिला मूठ वळेना. मंदा तिच्या हातांना खोबरेल लावायला बसली आणि लावता लावता सगळं सांगून बसली.

"मंग सांगत का न्हाय शेठला?" धोंडूबाईनं विचारलं.

"मावशी, ही चालली तर तू घरी जाशील."

धोंडूबाईनं भेगाळलेले हात तिच्यापुढं धरले. "हात तर असं झाल्यात. आन् त्या पोरांना बुळबुळीत ताटात जेवाया लागतंय. सांग त्याला. माजं मी बघीन."

मंदानं सांगितलं. शेठ उतावळे, त्यांनी लगेच ड्रमभर पाणी खळखळ उकळवून माझ्यात ओतलं. डाळ आणि भाताची शितं ताटावर जणू शिजून चिकटली. माझ्या दाराचं रबरही आखडलं. शेठ म्हणाले, "भंगारात देतो हिला."

"मला आठ दिवस द्या," मंदा म्हणाली. "आधी कोमट पाण्यानं खरकटं सोडवायचं, मग कढत पाण्यानं धुवायचं. हाताला चटका बसावा, पण फोड येऊ नये, इतपतच कढत."

वाल्मीकनं कारखान्यातला जुना तापमापक आणून दिला. मंदानं हातानं ठरवलेल्या पाण्यात तो धरला तर काटा साठ अंशांच्या जरा खाली थांबला. त्या दिवशी ताटं अशी निघाली की बोट फिरवलं की कुरकुर वाजावं.

शेठ खूश झाले. मंदा मात्र तिथंच उभी राहिली. "शेठ, हे पाणी आपोआप तापत नाही. ड्रमाखालचा जाळ कमी-जास्त करायला एक माणूस लागेल आणि मशीनजवळ एक. आम्ही दोघी आहोतच. एकीला ठेवणार असाल तर मीही जाते."

शेठनी ड्रमाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी धोंडूबाई जाळापाशी पाटावर बसली होती. पुढं सहा वर्षं ती तिथंच बसली. बोटांच्या भेगा बुजल्या.

मंदानं मला जिवापाड जपलं. बोअरिंगच्या पाण्याचा क्षार तापल्यावर जास्तच धरतो. माझ्या फवाऱ्यांची भोकं बुजायची. ती दर अमावस्येला चिंचेच्या कोळाचं गरम पाणी माझ्यातून फिरवायची आणि सुईनं एकेक भोक मोकळं करायची. मग लूम एकेक करून बंद पडले, माणसं गावाला गेली, भिसी मिटली.

आता माझं रबर गेलंय, पंप गंजलाय. मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी कधी माझी धाकटी बहीण येईल. तिनं ताटं तेलकट काढली तर तिला बोल लावण्याआधी तिला पाणी कसलं देताय ते बघा. आणि ती लखलखीत धुवायला लागली, तर आजवर जी धूत होती तिचं पुढं काय, तेही विचारा.

मला कापायला गॅसकटरवाला आलाय. सिलिंडरला नळी जोडतोय. निघते मी.