पाच मिनिटांचं निवेदन

फळ्यासमोर अच्युतराव उभे होते, आणि ते पास झाले तर त्यात माझा काय फायदा, याचा हिशेब मी मागच्या बाकावर बसून मांडत होतो. फायदा उघड होता. माझं अक्षर असं, की दुसऱ्या दिवशी ते माझं मलाच लागत नसे. बारा वर्षं माझा प्रत्येक कागद अच्युतराव आपल्या सुरेख हातानं उतरवून देत आले होते, आणि वरची साहेब मंडळी म्हणत, "चिंतामणराव कसे टापटिपीचे!" हा माणूस गेला की माझी टापटीपही त्याच्याबरोबर जाणार होती.

आणि जायची पाळी आलीच होती. इंदूर संस्थान संपून मध्यभारत झाला, हिंदी टाइपरायटर आले, हातानं कागद उतरवणारे नक्कलनवीस सगळ्यांना नकोसे झाले. हुकूम निघाला: जुन्या नक्कलनविसांनी सहा महिने संध्याकाळी 'लेखन व निवेदन' वर्गाला बसावं. अखेरीस एक जुनं प्रकरण एका पानात लिहायचं आणि मंडळापुढे उभं राहून पाच मिनिटांत सांगायचं. पास तो कायम कारकून. नापास तो घरी.

अच्युतराव चव्वेचाळीस वर्षांचे. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं उतरवली. स्वतःचं एखादं पुरं केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सियागंजच्या बाजारात हळदीचा भावसुद्धा शारदावहिनी करीत, हे मागे पिशवी धरून उभे. वहिनी म्हणत, "आमच्या घरात तोंड एकच. लग्नात ह्यांनी नाव घेतलं, ते पण मी खालच्या आवाजात सांगितलं म्हणून." त्यांनीच मला गळ घातली होती, "भावजी, तुम्ही बरोबर जा. एकटे गेले तर दारातूनच परत येतील." म्हणून मी मागच्या बाकावर.

"बोला, अच्युतरावजी," मंजिरीबाई म्हणाल्या. शिकवणाऱ्या बाई पंचवीस वर्षांच्या. त्यांच्या हातात अच्युतरावांचा गृहपाठ होता: आपल्याला हवी असलेली एखादी गोष्ट, तिचा अर्ज. "दोन पानं झाली. साहेबांचे गुण झाले, तुमच्या आजोबांची नोकरी झाली, वडिलांची झाली. आपल्याला हवंय काय?"

अच्युतरावांचे ओठ हलले.

"खिडकी," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीत... आहे."

वर्ग हसला. "देखो भिया, खिडकी पण लाजून मागे बसली," कुणीतरी म्हणालं.

मंजिरीबाई हसल्या नाहीत. "शेवटच्या ओळीपर्यंत कुठलेच साहेब जागे राहत नाहीत. खिडकी वर घ्या."

मग दर आठवड्याला ती खिडकी एकेक परिच्छेद वर चढू लागली. आजोबा गळाले. वडील गळाले. साहेबांचे गुण काढून टाकणं अच्युतरावांना फार जड गेलं. दोनदा काढले, दोनदा परत घातले. चौथ्या महिन्यात कागदावर एवढंच उरलं: 'माझ्या टेबलावर उजेड नाही, उत्तरेची बंद खिडकी उघडून मिळावी.' बाईंनी तो अर्ज खरोखरच पाठवायला लावला. तिसऱ्या दिवशी सुतार आला. खिळे उपटले, झडप ढकलली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या कोपऱ्यात उजेड आला. अच्युतराव टेबलावरचा आपलाच हात उलटसुलट करून बघत बसले.

बोलण्याची युक्ती मात्र माझी. उभं केलं की ते पहिल्या शब्दालाच अडत. एकदा घरच्या ओट्यावर तालीम चालली असताना मी म्हटलं, "बोलू नका. मांडीवर बोटानं लिहा, आणि लिहाल ते फक्त वाचा." बोट चालायला लागलं, तशी जीभ चालायला लागली. आतून वहिनी बाहेर आल्या, दाराशी ऐकत थांबल्या, आणि पदर डोळ्यांना लावून परत आत गेल्या. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

परीक्षेला चार दिवस असताना प्रकरणांच्या चिठ्ठ्या निघाल्या. अच्युतरावांना गेंदाबाईंची फाइल आली.

गेंदाबाई ही संस्थानच्या पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दाराची विधवा. पागेमागच्या सरकारी खोलीत राहायची. विलीनीकरणानंतर अशा लोकांनी खोलीवरचा हक्क लेखी कळवायचा होता. दिवाळीनंतरचा चौथा दिवस ही मुदत. तिच्या अर्जावर आवक-शिक्का सातव्या दिवसाचा. अर्ज फेटाळला, खोली गेली, बाई गौतमपुऱ्याला भावाच्या दारी गेली. सरळ प्रकरण.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर अच्युतराव फाइल घेऊन माझ्याकडे आले.

"चिंतामणराव, ही नक्कल माझी आहे."

"असणारच. आणखी कोण उतरवणार?"

त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे तिळाएवढ्या मोडी अक्षरात तिथी होती. त्यांची जुनी सवय ती. उतरवलेल्या प्रत्येक कागदाखाली घालायचे. नव्या लोकांना ते रेघोट्यांसारखं दिसे. 'आश्विन वद्य नवमी.' म्हणजे दिवाळीच्या आधी.

आता आमच्या जुन्या ऑफिसची रीत सांगितली पाहिजे. अर्ज आला की आधी नक्कल, मग शिक्का. घाई कुणाला होती? नव्या सरकारनं मात्र शिक्क्याची तारीख तीच अर्ज आल्याची तारीख, असं धरलं.

"उतरवून मी त्याच दिवशी आवकमध्ये दिला," अच्युतराव म्हणाले. "आवकमध्ये तेव्हा..."

पुढचं त्यांनी सोडून दिलं. आवकमध्ये तेव्हा दोघं होते. एक त्या महिन्यात ग्वाल्हेरला होता. दुसरा मी. गौतमपुरा माझी सासरवाडी. पाडव्याला तिथे हिंगोटांची लढाई होते: दारू भरलेली हिंगोटाची फळं पेटवून दोन बाजूंचे जवान एकमेकांवर फेकतात. ती बघायला मी सणाच्या दोन दिवसांसाठी गेलो आणि सासऱ्यांच्या आग्रहानं आठवडाभर राहिलो. कागदांचा गठ्ठा शिक्क्यावाचून माझ्या खणात पडून होता. आल्यावर सगळ्यांवर त्याच दिवसाचा शिक्का ठोकला. येताना अच्युतरावांसाठी एक रिकामं, वाळलेलं हिंगोट आणलं होतं. त्यात ते निबं ठेवत. समोर त्यांच्या टेबलावर ते होतंच, खिडकीच्या उजेडात.

"अरे भिया," मी म्हटलं, "फाइलीत आहे तेवढंच सांगायचं. शिक्का उशिराचा, अर्ज नामंजूर, मामला खतम. तीन मिनिटांत पास."

"पहिलं वाक्य काय लिहू?"

"अर्ज मुदतीनंतर आला."

"नव्हता ना आला मुदतीनंतर."

"तुम्हांला नोकरी हवी की नको?"

"हवी," ते म्हणाले. अडखळले नाहीत.

"मग वहिनींना विचारा एकदा."

"विचारलं. ती म्हणाली, या वेळी मी काही सांगणार नाही."

ते चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मीच उघडून दिलेलं तोंड काय बोलेल, याचा अंदाज मला येईना.

परीक्षेला वरचे साहेब प्रतापराव अध्यक्ष होते, बाजूला मंजिरीबाई आणि एक अधिकारी. फाइली पुरवायला म्हणून मी दाराजवळ स्टुलावर. अच्युतराव उभे राहिले. उजवं बोट मांडीवर फिरायला लागलं.

"गेंदाबाईंचा अर्ज मुदतीच्या आधी आला होता, आपल्या ऑफिसनं तो उशिरा आल्याचं दाखवलं, त्यांची खोली त्यांना परत मिळावी."

मंजिरीबाईंची पेन्सिल थांबली. पुढची चार मिनिटं मी बारा वर्षं ओळखत असलेला माणूस तिथे नव्हता. आधी रीत सांगितली, मग तिथी दाखवली, मग शिक्का. एक शब्द जास्त नाही.

प्रतापरावांनी चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ नेला. "यह तिथि पढ़ेगा कौन?"

"मी वाचतो, साहेब. त्या महिन्याच्या बाकीच्या नकला मागवा. प्रत्येकीवर आहे."

"बहुत अच्छा." प्रतापराव खरोखरच खूश दिसले. "आता एवढंच सांगा, ठप्पा उशिरा मारला कोणी?"

बोट थांबलं.

अच्युतरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी उठलो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ऑफिसात बोलका माणूस म्हणून माझी ख्याती होती. त्या स्टुलावर मला एक शब्द सापडेना.

"नाव मला सांगायचं नाही, साहेब."

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

"अच्युतराव," प्रतापराव हळू आवाजात म्हणाले, "तो निवेदन अधूरा रह जाएगा. नियम आहे. समझ रहे हो ना?"

"राहू द्या," अच्युतराव म्हणाले, नमस्कार केला आणि माझ्या गुडघ्याला गुडघा घासून दारातून बाहेर पडले.

नकला मागवल्या गेल्या. आठ महिन्यांनी गेंदाबाई पागेमागच्या खोलीत परत आली. नक्कलनविसांच्या यादीत अच्युतरावांच्या नावापुढे 'निवेदन अपूर्ण' असा शेरा पडला. मंजिरीबाई दोनदा वरपर्यंत जाऊन भांडल्या. उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवशी अच्युतरावांनी निबं, टाक आणि हिंगोट पिशवीत घातलं, आणि जाताना खिडकी ओढून घेतली. धूळ येते म्हणून.

छप्पन साली राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं आणि भोपाळच्या यादीत माझं नाव निघालं. अर्ज करणं भाग होतं, आणि अक्षर माझं तेच. लोक म्हणाले, सियागंजात एक अर्ज लिहिणारे आहेत, त्यांचा एका ओळीचा अर्ज साहेब पुरता वाचतात. कोण ते मला विचारावं लागलं नाही.

खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाच्या ओट्यावर ते उतरतं मेज घेऊन बसले होते. समोर पाच-सहा माणसं. माझी पाळी आली.

"बसा. काय हवंय?"

"अच्युतराव, त्या दिवशी मी—"

"ते नाही," त्यांनी टाक उचलला. "अर्जात काय हवंय?"

"इंदूर सोडायचं नाही मला."

त्यांनी एक ओळ लिहिली, तळाशी तिळाएवढी तिथी घातली, कागद वाळवून माझ्या हातात दिला. टाकाचं निब झिजलं होतं. हिंगोटातून दुसरं काढून त्यांनी बसवलं. माझ्यामागे एक म्हातारी घुटमळत होती. तिला तोंड उघडायचा धीर होत नव्हता.

"बोला, बाई," ते म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. तेव्हा हिशेब असा: गेंदाबाईला खोली मिळाली, प्रतापरावांना सचोटीचं नाव मिळालं, माझी खुर्ची शाबूत राहिली आणि नंतर मला इंदूरही मिळालं. या सगळ्याची किंमत भरली एकानंच, आणि त्याचं नाव मला सांगायचं आहे: अच्युत गणेश मुळ्ये.