भिंगबाबाचा अकरा घरांचा किडा

कार्ल्याच्या फाट्यापासून जरा आत, पत्र्याच्या शेडपुढे रविवारी सकाळी ही गर्दी. चपलांचा ढीग, नारळ, उदबत्त्यांचा धूर आणि मधोमध पाटावर झेंडूची माळ घातलेला, हळदी-कुंकवानं माखलेला एक मायक्रोस्कोप. मी लोणावळ्याला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, रोज मायक्रोस्कोप हाताळते. पण त्याला असं दर्शनाला बसवलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

"पाया पड आधी," माझी काकू अंबूबाई कुजबुजली. "आन यंत्राला हात न्हाई लावायचा. नुसता डोळा लावायचा."

पाटामागे भिंगबाबा. अंगावर भगवी शाल, मनगटावर स्मार्टवॉच. तो समोरच्याच्या बोटाला सुई टोचायचा, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, काच यंत्राखाली सरकवायचा आणि मग त्याची टकळी सुरू व्हायची.

"बघ दादा, रगतात काळा किडा दिसतोय? वाकडा? करणी हाय ती. आता आत दिसती त्या पट्टीवर मोज. किती घरं?"

"अकरा, महाराज."

"अकरा घरं म्हंजी हाडापातूर गेलाय. भस्माचा काढा घे, पुढल्या रविवारी ये."

पुढचा आला, त्याचाही किडा अकरा घरांचा. त्याच्या मागच्या बाईचाही अकराच. सगळ्यांचे किडे एका मापाचे कसे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. उलट, आख्ख्या गावावर एकाच हातानं करणी केलीय, असं रांगेतच ठरून गेलं.

मला एरवी हसू आलं असतं. पण रांगेच्या कडेला माझे चुलते रखमाजी आबा खोकत बसले होते. आबांना टीबी. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी अंगावर जरा मांस चढायला लागलं होतं, तेवढ्यात या बाबानं त्यांना किडा दाखवला. म्हणाला, त्या गोळ्यांवरच तो पोसतोय. आबांनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या रविवारी बाबानं दाखवलं, किडा गायब. आता महिना होत आला. खोकला परतला, आणि घरात तान्हा नातू. मी भांडले, हातापाया पडले. आबांचं उत्तर एकच: "म्या माज्या डोळ्यानं बघितलं. तू बघितलंस का?"

म्हणून मी बघायला आले होते.

सगळ्यांना सुई एकच, फक्त कापरावरून फिरवलेली. ते बघूनच माझं डोकं फिरलं. मी माझी सुई पर्समधून काढली, थेंब दिला, डोळा लावला. किडा खरंच होता. काळा, वाकडा, जाडजूड.

"बाबा, जरा मोठा करून दाखवा ना," मी म्हटलं.

बाबा खूश. त्यानं खालचं भिंग ऐटीत फिरवलं. माझ्या रक्तपेशी चांगल्या टपोऱ्या झाल्या. किडा मात्र होता तेवढाच, अकरा घरं. बाबा, मनात म्हटलं, सापडलास.

मी हात पुढे केला तसा तो ओरडला, "हात नको, यंत्र कोपंल."

"खंडेनवमीला आम्हीही कॉलेजातल्या मायक्रोस्कोपांना हळदकुंकू लावतो," मी म्हटलं. "आणि मग त्यांच्यावरच काम करतो. अजून एकही कोपला नाही."

रांगेतला नथू टेम्पोवाला हसला. "खरं हाय की. आमी टेम्पोची पूजा करतो, म्हून काय त्यो ढकलत नेतो? लावू द्या हात."

आता बाबाला नाही म्हणता येईना. मी काकूला डोळा लावायला सांगितलं आणि वरची नळी, जिच्यातून आपण बघतो तो आयपीस, हळूच फिरवला.

"अगं बया, किडा फिराया लागला," काकू म्हणाली.

"आणि रक्त?"

"रगत जागच्या जागी."

"पट्टी?"

"ती किड्यासंगं फिरतीया."

मी खालची रक्ताची काच काढून घेतली. "आता?"

"किडा हाय. रगत दिसंना."

"रक्त माझ्या हातात आहे, काकू."

तिनं मान वर केली, काचेकडे पाहिलं, पुन्हा डोळा लावला आणि एकदम बाबाकडे वळली. "ह्यो रगतात न्हाईच मुळी."

"पापी हात लागला, किडा यंत्रात शिरला," बाबा बरळला. मी आयपीस उपसून त्याचं झाकण उघडलं. आतल्या कड्यावर एक जाड केस डिंकानं चिकटवलेला. आम्हीही असा केस लावतो, मुलांना नेमकी कोणती पेशी बघायची ते दाखवायला. मोजायची पट्टीही तिथंच, काचेच्या चकतीवर असते. खालचं भिंग बदललं की एका घराचं माप बदलतं, म्हणून आधी ती ठाऊक मापाशी जुळवून घ्यावी लागते. नुसत्या 'अकरा घरां'ना काही अर्थ नाही.

तेवढ्यात नथूनं पाटाखालची भगवी पुरचुंडी सोडली. आत दुसरा आयपीस. पट्टी होती, केस नव्हता. पेशंट बरा झाल्याचं दाखवायला हा वापरायचा. पोलिसांना फोन नथूनंच केला.

आबांनी दोन्ही आयपीस आळीपाळीनं लावून पाहिले. चेहरा पडला होता. "म्हंजी माजा किडा गेला न्हाई?"

"तो नव्हताच, आबा. तुमचे जंतू वेगळे. ते थुंकीत सापडतात, आणि ते अजून आहेत."

"भर गर्दीत मला येडा ठरवलंस," ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता एकटेच घराकडे चालू लागले. मला फार वाईट वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, चल दवाखान्यात. थुंकी तपासली. थुंकी तपासणाऱ्या ताईंना विनंती केली, तशी त्यांनी मायक्रोस्कोप आबांपुढे सरकवला. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू. आबांनी विचारलं, "हात लावू का?" ताई म्हणाल्या, "लावा की." आबांनी आयपीस फिरवला. मग काच काढायला लावली, पुन्हा ठेवायला लावली. बराच वेळ बघत राहिले.

"न्हाई फिरत," ते म्हणाले. "काच काढली की जात्यात. हे माजंच हाय." मग ते ताईंकडे वळले. "नातवाला बी तपासा, ताई. रोज कडेवर घेतोय मी त्याला."

नातू सुदैवानं ठीक निघाला. त्याला आजार होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. आबांच्या पुन्हा तपासण्या झाल्या आणि गोळ्या नव्यानं चालू झाल्या. आता एकही चुकवत नाहीत.

तेव्हा मंडळी, कोणी काही दाखवलं तर जरूर बघा. पण हात लावून, फिरवून, काढून, पुन्हा घालून बघा. खरं असेल ते तपासल्यानं बिघडत नाही. आणि जो हात लावू देत नाही, त्याच्या दारातून चपला घालून सरळ दवाखाना गाठा. घरात कोणीतरी तान्हं असतंच.