स्टूल धरू का?

विमानातून उड्या मारणाऱ्या बाईचा हात मोडला असं ऐकलं की लोक हळहळतात. कसा मोडला हे कळलं की हसू दाबायला तोंड फिरवतात. घारीने हे इतक्या वेळा पाहिलं होतं की शेवटी ती नुसतं "पडले" एवढंच सांगू लागली. कुठून, हे मग कुणी विचारत नसे. माणसं आपोआप आभाळाकडे बघत. पण शेजारी सासूबाई असल्या की ही सोय नव्हती. "अहो, स्टूलवरून पडली, पडदा लावताना," असा खुलासा त्या लगेच करायच्या. "एवढंसं स्टूल!" आणि हाताने जमिनीपासूनची उंची दाखवायच्या. ती उंची दर खेपेला थोडी कमी व्हायची.

घार हे तिचं मैदानावरचं नाव. पॅराशूटने उडी मारायला शिकवणं हा तिचा पेशा. हौशी माणसं यायची, त्यांना मैदानावर पाहुणे म्हणत. घार पाहुण्याला आपल्या पोटाशी पट्ट्यांनी घट्ट बांधून घ्यायची, विमानाच्या दारातून त्याच्यासकट झेपावायची आणि खाली अलगद आणून सोडायची. प्रत्येकाला तिचं एकच सांगणं असे, "तुम्ही काही करायचं नाही. हात छातीशी, पाय वर. बाकी सगळं मी."

घरातही हाच खाक्या. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. स्वभावाने गरीब, आणि उंचीची अशी धास्ती की दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे गेला तर खिडकीपासून सगळ्यात लांबची खुर्ची पकडायचा. त्यामुळे घरातली उंचावरची कामं घारीच्या वाट्याला. ती स्टूलवर चढली की तो हातातलं टाकून यायचा आणि विचारायचा, "स्टूल धरू का?"

"नको. तू धरलंस की मला तोल सापडत नाही."

हा संवाद लग्न झाल्यापासून चालत आला होता. त्या दिवशीही झाला. नवरा नेहमीसारखा दोन पावलं मागे सरला, घारीने पडद्याच्या शेवटच्या कडीसाठी हात लांबवला, स्टूलचा पाय फुटक्या फरशीच्या खाचेत गेला आणि मैदानावरची घार कपाटाच्या कडेवर डावा हात आपटून जमिनीवर आडवी झाली. "मी म्हणत होतो" असं नवरा तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही नाही. तिला त्याचाच जास्त राग आला.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले. डॉक्टरांनी हात वरखाली करून मान डोलावली. मैदानावर मात्र डॉक्टरांची मान चालत नसे, तिथे उस्तादांची चालायची. उस्ताद म्हणजे तिथले सगळ्यात जुने शिक्षक. घारीलाही त्यांनीच शिकवलेलं. पोट सुटलेलं, मिश्या पांढऱ्या, आणि जीभ कधी जागेवर नाही. त्यांनी घारीला टेलिफोनपाशी बसवलं.

"घार होतीस, कोंबडी झालीस," ते येता-जाता म्हणायचे. "बैस जरा खुराड्यात."

ती हसून घ्यायची, पण आतून तिचा जीव वरखाली व्हायचा. दिवसभर ती लोकांना वेळा द्यायची, "नाही हो, अजिबात भीती वाटत नाही" असं सांगायची, आणि खिडकीतून दुसऱ्यांची पॅराशूटं उतरताना बघायची. हे असंच चालू राहिलं तर? या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. विमानाच्या दाराला ती कधी घाबरली नाही. त्या टेलिफोनला मात्र घाबरली.

मैदानाचा एक नियम होता. बरेच महिने जमिनीवर राहिलेल्या शिक्षकाने परत येताना पहिला पाहुणा जुनाजाणता घ्यायचा. त्या जाणत्याने नवख्याचं सोंग घ्यायचं, हवा तेवढा छळ करायचा आणि उतरल्यावर निकाल द्यायचा. निकाल चांगला आला तर खरे पाहुणे, नाही तर पुन्हा टेलिफोन. घारीच्या वाट्याला पाहुणा आला तो साक्षात उस्ताद.

सोंग घ्यायची त्यांना भारी हौस. सकाळी ते कुठूनतरी फुलाफुलांचा शर्ट घालून हजर झाले आणि दारातच म्हणाले, "बाई, मी घरी सांगून आलेलो नाही. काही झालं तर बायको मला मारेल."

"काही होणार नाही," घार म्हणाली. "तुम्ही काही करायचं नाही. हात छातीशी, पाय वर. बाकी सगळं मी."

"सगळं?"

"सगळं."

"वा, वा," उस्ताद म्हणाले आणि मिश्यांतल्या मिश्यांत हसले.

विमानात त्यांनी वरती मोरी कुठे आहे असं विचारलं. दार उघडल्यावर चौकट धरून ठेवली. घारीने एकेक बोट सोडवलं. बाहेर पडल्यावर त्यांनी तिच्या उजव्या हाताला अशी मिठी मारली की जणू तो त्यांच्या मालकीचा होता. तिने तोही सोडवला, वेळेवर पॅराशूट उघडलं, आणि एकदम सगळं शांत झालं. खाली मैदान हिरव्या रुमालाएवढं दिसत होतं. घारीला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. उडीच्या बंद चष्म्याच्या आत ते पुसताही येईना.

"बाई," उस्ताद म्हणाले, "तुम्हीच का त्या स्टूलवरच्या?"

"गप्प बसा आणि पाय वर घ्या."

आता उरलं होतं ते उतरणं. पॅराशूटच्या दोन दोऱ्या दोन्ही बाजूंना असतात, टोकाला मुठी. जमीन जवळ आली की दोन्ही मुठी एकदम कमरेपर्यंत ओढायच्या, म्हणजे पॅराशूट क्षणभर थबकतं आणि माणूस अलगद टेकतो. त्या मुठींना पाहुण्यासाठीही एकेक जास्तीची कडी असते; तिच्यात हात घालून तो ओढायला मदत करू शकतो. बाकीचे शिक्षक ही मदत घेत. घारीने आजवर कुणाला त्या कडीला हात लावू दिला नव्हता.

तिने उंचावरच एकदा ओढून पाहिलं. उजवी मूठ कमरेपर्यंत गेली. डावी छातीपाशी आली आणि तिथेच थांबली. पॅराशूट उजवीकडे वळलं. तिने पुन्हा ओढलं, दात ओठ खाऊन ओढलं. मूठ चार बोटंही खाली सरकली नाही. घरी व्यायामाचा रबर ती लीलया ताणायची. पण रबराला उस्तादांचं पोट बांधलेलं नव्हतं.

जमिनीजवळ असं वळलं तर दोघंही आडवी आपटणार. मदत मागावी तर परीक्षा तिथेच संपली. परीक्षकालाच हात लावायला सांगणारी शिक्षिका कुठे पास होते? अजून एकदा, नेट लावून, शेवटच्या क्षणी जमेलही, असं तिचं मन सांगू लागलं. हा सूर तिच्या ओळखीचा होता. शेवटच्या कडीसाठी हात लांबवतानाही मन हेच म्हणत होतं. आणि दोन पावलं मागे नवरा उभा होता, रिकाम्या हातांनी.

"उस्ताद," ती म्हणाली, "डावा हात येत नाहीये. कड्या धरा."

"मी? मला काय कळतं, बाई? मी नवा माणूस."

"उस्ताद, पुरे झालं!"

"तुम्हीच म्हणालात, बाकी सगळं मी."

घारीने एक शिवी गिळली. मग तिने शिकवलं, एखाद्या खरोखरच्या भित्र्या पाहुण्याला शिकवावं तसं. "माझ्या हातांशेजारी कड्या दिसतात? त्यांत हात घाला. मी 'ओढा' म्हणेपर्यंत हात वरच ठेवायचे. म्हटलं की माझ्याबरोबर, दोन्ही एकदम, कमरेपर्यंत. आणि मला तुमची गरज आहे, तेव्हा हात सोडू नका." हे शेवटचं वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

जमीन वर आली. "ओढा!" चार हात एकदम खाली गेले. पॅराशूट थबकलं, आणि दोघं गवतावर बसल्या बसल्या घसरत गेली ती उस्तादांच्या शर्टाची एक बाही हिरवी करूनच थांबली.

घारीने पट्ट्या सोडवल्या. वर बघायचं धाडस होईना. "टेलिफोनपाशी कधीपासून बसू?"

"टेलिफोनपाशी दुसरी मुलगी बघितली आहे मी," उस्ताद म्हणाले. सोंग उतरलं होतं. "अगं, माझ्या वजनाचा पाहुणा आला तर आपण त्याला फाटकातूनच परत पाठवतो. धडधाकट हातानेही तुला एकटीला मी झेपलो नसतो. मुद्दामच बसलो तुझ्या पुढ्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गप्प राहून ओढत बसली असतीस, तर मी आयत्या वेळी कड्या धरल्या असत्या आणि तुला नापास केलं असतं. महिनाभर हलके पाहुणे घे. आणि प्रत्येकाच्या हातात कडी द्यायची. समजलं, कोंबडे?"

संध्याकाळी घरी आली तेव्हा पडदा अजून तसाच एका बाजूने लोंबत होता. तिच्या धाकाने त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने बूट काढले, स्टूल ओढलं, त्यावर एक पाय ठेवला आणि थांबली.

"अरे," तिने आत हाक मारली, "जरा स्टूल धर ना."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. नवरा ओल्या हातांनी धावत आला. मागोमाग सासूबाई आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "आज सूर्य पश्चिमेला उगवला होता वाटतं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही पण पलीकडून धरा."

सासूबाईंनी पदर खोचून पलीकडून स्टूल धरलं.

घार वर चढली. शेवटची कडी हातात घेऊन तिने खाली पाहिलं. नवऱ्याने स्टूलचे अलीकडचे दोन्ही पाय बोटं पांढरी होईपर्यंत आवळले होते आणि डोळे गच्च मिटले होते.

तिला हसू आलं. "वेड्या, डोळे उघड. मी चढलेय, तू नाहीस."

"तू चढलीस म्हणूनच मिटलेत," तो म्हणाला. "नेहमीच मिटतो. तू मैदानावर जातेस तेव्हाही, दुकानात."

कडी अडकवायला एक क्षण पुरला असता. घार तशीच हात वर करून उभी राहिली. मग तिने कडी अडकवली आणि खाली वाकून त्याच्या खांद्यावर डावा हात ठेवला.

"मी उतरतेय," ती म्हणाली. "सोडू नकोस."