आसितानच्या पाठीमागचा पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, फोटो काढताना माणसाच्या पाठीमागे टांगतात, तो. जांभळ्यावर पिवळी वर्तुळं, दोन्ही बाजूंनी सारखाच रंगलेला. बामाको शहराच्या बाजारातून मासारान कुलिबालीनं मला आणलं आणि आपल्या अंगणात टांगलं. तिथे ती वस्तीतल्या तरण्या पोरापोरींचे फोटो काढते.

मी जरा मिरवणारा आहे, कबूल. पण माझ्यापुढे जो तो मिरवतोच. कुणी भावाचे बूट मागून आणतो, कुणी बिनकाचेचा चष्मा लावतो.

बकरी ईदेच्या आधी मासाराननं ठरवलं, वस्तीतल्या बारा तरुणांचे मोठे फोटो शाळेच्या भिंतीवर लावायचे. शेवटची होती आसितान केइता, समोरच्या गॅरेजात मोपेड दुरुस्त करणारी. तिचा बाप फामोरी शिंपी. मुलीचं हे काम त्याला पसंत नव्हतं. स्वतःची गाडी तो मुद्दाम लांबच्या मेकॅनिककडे नेई. तरी सणाच्या घाईतही त्यानं तिला फोटोसाठी नवा झगा शिवून दिला. "हात मागे ठेव," एवढं मात्र बजावलं.

आसितान माझ्यापुढे उभी राहिली आणि मासाराननं कपाळाला हात लावला. सणाला सगळ्या मैत्रिणींनी एकच कापड घेतलं होतं, आणि ते नेमकं माझंच. पोरगी माझ्यात दिसेनाशी झाली.

"चवळी खाऊन खाऊन तुझ्या बापाची नजर गेली वाटतं," मासारान म्हणाली. कुलिबाली आणि केइता या घराण्यांतले लोक भेटले की चवळीवरून एकमेकांना चिडवणारच, तो त्यांचा पिढीजात हक्क. एरवी आसितान सवाई उत्तर देते. आज तिचे डोळे भरले.

"गॅरेजात बाबांना मी दिसत नाही. आता इथेही नाही."

मला फार वाईट वाटलं. ऊन उतरत होतं आणि फोटो सकाळी छापायला जायचे होते. मासाराननं मला उलटं करून पाहिलं. मी तिकडूनही तसाच. मग ती कॅमेऱ्यातून बराच वेळ बघत राहिली.

"हात पुढे घे."

"मावशी, नखांत ऑईल आहे. निघत नाही."

"म्हणूनच."

त्या फोटोत झगा नाहीच. सगळ्या जांभळ्या-पिवळ्यातून फक्त चेहरा आणि दोन तेलकट हात बाहेर आलेत.

ईदेनंतर फामोरी भिंतीवरचा फोटो पाहून थेट अंगणात आला, मोपेडवरून, तणतणत.

"चवळीखाऊ बये, माझा एक टाका दिसू दिला नाहीस."

"मग दिसलं काय?"

तो गाडीवरून उतरला. मग म्हणाला, "माझी आई कापडं रंगवायची. तिच्या हातांची नीळ कधी निघाली नाही."

त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलायला लागला.

"बिघडली का रे?"

"नाही," म्हणाला, आणि ढकलत समोरच्या गॅरेजात घेऊन गेला.

आता उन्हानं मी विटलोय. मासारान नवा पडदा आणणार आहे, आणावाच. फक्त मला कचऱ्यात टाकू नका. तुकडे करा आणि समोर नेऊन द्या. त्या हातांना फडकं लागतं.